आधी वजाबाकी, मग सही



तुम्ही आता सही करू लागलात. फार चांगले झाले. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, तेव्हा पुष्कळ प्रौढांनी अंगठा सोडून पेन्सिल धरली. पण सहीच्या जोडीला हिशेबही यायला हवा. आमच्या घरचीच गोष्ट सांगतो.

कृष्णाकाठी आमची पाऊण एकर जमीन. वडिलांनी तिचा काही भाग हळद लावायला एकाला खंडाने दिला. कागदावर लिहिले होते, '२/५ एकर'. वडिलांनी अंगठा उठवला. आता सांगा, आमच्याकडे किती उरली?

पाऊण म्हणजे ३/४. त्यातून २/५ वजा करायचे. कोणी म्हणेल, तीनातून दोन गेले, एक उरला. पण एक काय? भाकरीचे चार भाग केले तर तुकडा मोठा. पाच केले तर तुकडा लहान. लहानमोठे तुकडे एकमेकांतून कसे वजा करणार? आधी ते सारखे करायला हवेत.

आपल्या शिवारात त्याची सोय आहेच. ती म्हणजे गुंठा. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, एवढा एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असले, तरी आपण बोलतो एकर-गुंठ्यांतच. आणि बघा, ४० ला ४ ने भाग जातो, तसा ५ नेही जातो.

४० चे चार भाग केले, तर एक भाग १० गुंठ्यांचा. असे तीन, म्हणजे ३० गुंठे.

४० चे पाच भाग केले, तर एक भाग ८ गुंठ्यांचा. असे दोन, म्हणजे १६ गुंठे.

३० तून १६ गेले, उरले १४ गुंठे.

हेच पाटीवर असे मांडा:

३/४ − २/५ = ३०/४० − १६/४० = १४/४०

खालचा आकडा म्हणजे छेद. छेद सारखे झाले की वरच्यातून वरचा वजा करायचा. छेद तसाच ठेवायचा.

पण वडिलांच्या तोंडचा बोल निराळा होता. ते म्हणाले होते, "आमच्या शेताच्या पाच भागांतले दोन भाग." शेत ३० गुंठ्यांचे. त्याचा पाचवा भाग ६ गुंठे. दोन भाग म्हणजे १२ गुंठे. म्हणजे आमच्याकडे १८ गुंठे उरायला हवे होते. उरले १४! 'एकर' या एका शब्दापायी त्या साली ४ गुंठे हातचे गेले.

म्हणून, मंडळी, कागद पुढे आला की दोन गोष्टी विचारा. हा भाग कशाचा, एकराचा की आपल्या शेताचा? आणि आपल्याला उरते किती? पाटीवर वजाबाकी करा, मगच सही करा.