कायमचा परवाना आणि सालोसालचे पैसे

श्रोतेहो, शेतीच्या व्यवहारात आपण खरेदी आणि मक्ता यांची गल्लत कधी करीत नाही. मक्त्याची मुदत सरली की शेत सोडावे लागते. खरेदीचे तसे नाही. पण संगणकावरच्या हिशेबाची गोष्ट निघाली, म्हणजे आपलं हे शहाणपण कुठे जातं कोण जाणे!

समजा, फुलसावंगीच्या एखाद्या कृषी केंद्रवाल्याने बंगळूरच्या कंपनीची ‘टॅली’ विकत घेतली. वर्ष सरते आणि निरोप येतो : नूतनीकरणाचे पैसे भरा. मालक धास्तावतो. न भरले तर उद्या खाती उघडणारच नाहीत की काय? उघडतील. विकत घेतलेला परवाना कायमचा असतो. दरसालचे पैसे असतात ते ‘टीएसएस’ नावाच्या सेवेचे. पहिल्या वर्षी ही सेवा खरेदीबरोबरच मिळते. तिची मुदत संपली तरी हातातली आवृत्ती चालत राहते. नव्या आवृत्त्या आणि परगावाहून हिशेब पाहण्यासारख्या सोयी तेवढ्या थांबतात. मात्र टॅली भाड्यानेही मिळते बरं का. तेव्हा आधी पावती वाचावी.

मग ही सेवा निरुपयोगी म्हणायची का? तसेही नाही. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी लागू झाला आणि व्हॅटची सारी मांडणीच बदलली. ज्यांची सेवा चालू होती त्यांना नवी आवृत्ती मिळाली. इतरांना आधी नूतनीकरण करावे लागले. परवाना शाबूत होता, पण आतला साचा जुना झाला होता. उलट 22 सप्टेंबर 2025 रोजी ठिबक संचावरचा कर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. हा नुसता दराचा आकडा; दुकानदाराला तो स्वतःच बदलता येतो. तेवढ्यासाठी कुणी पैसे भरायला सांगितले, तर ‘कशासाठी?’ असे जरूर विचारावे.

शिक्षकबंधूंनाही हाच प्रश्न पडतो. ‘विंडोज 10’ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली. शाळेतला संगणक त्या दिवशी बंद पडला नाही. त्यावर मुलांना टंकलेखन शिकवायला हरकत नाही. बँकेचे व्यवहार मात्र करू नयेत.

आणखी एक. परवाना नोंदवताना ई-मेल मालकाचाच द्यावा, विक्रेत्याचा नव्हे. अनुक्रमांक वहीत लिहून ठेवावा. संगणक बदलायची वेळ येते, तेव्हा तोच विचारतात.