मुद्रणांतील गुणगुण

वादक थांबतो, पण मुद्रणांत खर्जाची गुणगुण चालूच राहते. सुटे भाग तारांनीं जोडून वाजविण्याचें विद्युत्‌वाद्य, म्हणजे मॉड्युलर सिंथेसायझर, १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत रॉबर्ट मूग व डॉन बुक्ला यांनीं घडविलें. आज त्याचा स्वर थेट संगणकांत उतरवितां येतो. आणि गुणगुण उमटली कीं दोष बिचाऱ्या वाद्यास लागतो!

भारतांत घरगुती वीज सेकंदास ५० आवर्तनें करते. वाद्य व संगणक दोन्हीं अर्थिंगच्या तारेनें जमिनीशीं जोडलेलीं, शिवाय ध्वनीच्या तारेनें परस्परांशीं. असें कडें पुरें झालें म्हणजे त्यांतून परका प्रवाह वाहतो व तोच ऐकूं येतो. माउस हलतांच किरकिर बदलत असेल, तर तिचा उगम मात्र संगणकांत आहे.

परीक्षा सोपी आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवावा. आवाज थांबल्यास कडें चार्जरवाटें पुरें होत होतें असें समजावें, आणि ध्वनीच्या तारेंत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालावा. तो स्वर पलीकडे पोंचवितो, परंतु तारेचा सलग दुवा तोडतो.

कित्येक जण त्याऐवजीं वाद्याच्या प्लगाची तिसरी पिनच काढून टाकतात. गुणगुण जाते खरी. पण पुढें धातूच्या पेटींत वीज उतरली, तर ती जमिनीची वाट वादकाच्या देहांतून शोधूं शकते.