अक्षर पुसणारा धक्का

धारूरच्या व्याख्यानमालेत त्या संध्याकाळचा जाहीर विषय होता चुंबक, मेंदू आणि दृष्टी. व्याख्याते व्यासपीठावर आले ते मात्र ब्रेलची पाटी आणि स्टायलस घेऊन. पुढच्या रांगेतल्या निवृत्त शिक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं. भाषणाचा ओढा कुठे असणार, हे तेव्हाच कळून चुकलं.

सुरुवात शिस्तीत झाली. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ‘ते शाळेत सगळ्यांचं झालंय’ असं म्हणत त्यांनी एका वाक्यात आटोपलं. फळ्यावर एखादी आकृती काढली असती, तर मागे बसलेल्यांची सोय झाली असती. चुंबकीय क्षेत्र झपाट्याने बदललं की जवळच्या वाहकात वीज उत्पन्न होते, आणि मेंदूतूनही वीज वाहते. तांब्याच्या तारेचं वेटोळं डोक्याला टेकवायचं आणि त्यातून क्षणभर हजारो अँपिअरचा प्रवाह सोडायचा. ‘टक्’ असा आवाज येतो, मिलिसेकंदाच्या आत सगळं संपतं आणि कवटीला हात न लावता दोन-तीन सेंटिमीटर आतल्या चेतापेशी जाग्या होतात. शेफिल्डमध्ये अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये हे केलं, तेव्हा समोरच्या माणसाचा हात आपोआप उडाला.

इथेच एक प्रश्न आला. बाजारात मिळणारं चुंबकाचं कडं मनगटात घातलं, तर त्याचाही असाच परिणाम होतो का? व्याख्यात्यांचा आवाज चढला. कड्यातला चुंबक बदलत नाही, त्यामुळे चेतापेशीत वीज उत्पन्न होत नाही. या दोन गोष्टी एका माळेत ओवू नका, असं त्यांनी बजावलं. “मग कडं हलवत राहिलं तर?” मागून कुणीतरी विचारलं. सभागृह हसलं, तेही हसले. “मिलिसेकंदाच्या आत हलवता आलं, तर सांगा मला,” म्हणाले.

मग वेटोळं डोक्याच्या मागच्या बाजूला गेलं. डोळ्यांतून निघालेली माहिती मेंदूच्या सालीत प्रथम पोचते ती इथे. पुरेसा जोरदार धक्का दिला, तर अनेकांना डोळे मिटलेले असतानाही प्रकाशाचा ठिपका दिसतो. त्याला फॉस्फीन म्हणतात. धक्का उजव्या अर्ध्या मेंदूला दिला, तर ठिपका डावीकडे चमकतो. त्याहून विलक्षण प्रयोग न्यूयॉर्कमध्ये वाहे अमासियन यांच्या गटाने १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. पडद्यावर तीन अक्षरं क्षणभर दाखवायची आणि त्यानंतर साधारण ८० ते १०० मिलिसेकंदांनी मागच्या बाजूला धक्का द्यायचा. डोळे उघडे, नजर पडद्यावर, अक्षरं उमटून गेलेली. तरी ती ओळखता येत नाहीत. एखादा पुसट डाग दिसतो, नाहीतर काहीच नाही. हाच धक्का अक्षरांबरोबर लगेच दिला किंवा बराच उशिरा दिला, तर अक्षरं बिनचूक वाचली जातात. म्हणजे दिसण्याचं काम मेंदूत नेमकं कोणत्या क्षणी चालतं, हे बाहेरून धरता आलं.

इथवरचं सगळं व्याख्यात्यांच्या मनात पायरीपुरतं होतं. त्यांनी पाटीत कागद अडकवला आणि ‘धारूर’ टोचलं. उजवीकडून डावीकडे टोचायचं, कागद उलटा करून डावीकडून वाचायचं. ध, काना, र, दीर्घ ऊ, र: पाच घरं, एकोणीस ठिपके. कागद रांगारांगांतून फिरू लागला. लोक बोट फिरवत आणि मान हलवून पुढे देत. कुणालाच काही लागेना.

मग त्यांनी विचारलं, जन्मापासून डोळ्यांतून काहीच आलं नाही, तर डोक्यामागची ती जागा काय करत असेल? लिओनार्डो कोहेन यांच्या गटाने १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये त्याचं उत्तर दिलं. लहानपणीच दृष्टी गेलेल्या आणि सराईतपणे ब्रेल वाचणाऱ्या लोकांना त्याच जागी धक्के दिले. डोळ्यांचा काही संबंधच नव्हता. पण वाचन चुकायला लागलं. कुणाला ठिपके गळाल्यासारखे वाटले, कुणाला नसलेले ठिपके लागले. डोळस माणसांना बोटाने उठावाची अक्षरं ओळखायला दिली, तेव्हा तिथल्या धक्क्याने काही बिघडलं नाही.

यानंतरचा किस्सा ठरल्यापेक्षा फारच लांबला, आणि लांबला ते बरंच झालं. जन्मांध, ब्रेलमध्ये तरबेज अशा एका स्त्रीची हकीगत २००० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या मेंदूच्या मागच्या भागाचा रक्तपुरवठा दोन्ही बाजूंनी तुटला. बोलणं शाबूत, हाताला स्पर्श कळत होता, बोटाखाली ठिपके आहेत हेही समजत होतं. पण त्यांचं अक्षर होईना. जी जागा तिने कधी पाहण्यासाठी वापरली नव्हती, ती गेल्यावर तिचं वाचन गेलं. सभागृहातली कुजबुज या वाक्याला थांबली.

तेवढ्यात आयोजकांची चिठ्ठी आली. टिपणातला तिसरा भाग, म्हणजे हालचाल दिसण्याविषयीचे प्रयोग, दोन वाक्यांत उरकला गेला. डोळस माणसांचे डोळे पाच दिवस बांधून ब्रेल शिकवलं, तर पाचव्या दिवशी मागचा धक्का त्यांच्याही वाचनात अडथळा आणतो आणि पट्टी काढल्यावर दिवसभरात हा परिणाम नाहीसा होतो, हा २००८ चा निष्कर्ष त्यांनी उभ्या उभ्या सांगितला. फिट येणाऱ्या मुलाला असे धक्के चालतील का, या चिठ्ठीवर ‘नाही, घरगुती विचारसुद्धा नको’ एवढंच उत्तर मिळालं.

मूळ आग्रह शेवटी आला. कोहेन यांच्याच गटाला १९९९ मध्ये आढळलं, की चौदा वर्षांच्या पुढे दृष्टी गेलेल्यांमध्ये मागच्या धक्क्याने वाचन चुकण्याचा परिणाम दिसत नाही. त्यावरून व्याख्याते थेट ‘चौदाच्या आत ब्रेल’ या मागणीवर आले. ही उडी जरा मोठीच. तो अभ्यास थोड्या लोकांवरचा होता, दृष्टी कधी गेली हे पाहणारा होता, आणि मोठेपणी अंध झालेले लोकही ब्रेल शिकतात. तरी मागणी रास्त आहे. फोन वाचून दाखवत असताना ठिपके कशाला, असं एका शिक्षकाने विचारलं, तेव्हा ते चिडले नाहीत. ऐकून गोष्ट कळते, पण ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षर, स्वल्पविराम, गणिताची मांडणी हाताखालून जात नाही. ऐकणारा साक्षर होईलच असं नाही, असं ते म्हणाले. स्वागत थोरात यांनी २००८ मध्ये सुरू केलेलं मराठी ब्रेल पाक्षिक ‘स्पर्शज्ञान’ वाचायलाही आधी लिपी यावी लागते.

धारूर तालुक्यात अडचण त्याही आधी सुरू होते. दिवाळीच्या सुमारास घरंच्या घरं ऊसतोडीला जातात आणि पट्टा पडल्यावर परततात. डोळस मुलांचीच शाळा तुटते, तिथे अंध मुलाची नोंद कोण ठेवणार? टोळ्या आता गावात आहेत, जूनमध्ये शाळा उघडायच्या आत ही मुलं शोधा, असं व्याख्याते घड्याळाकडे न बघता सांगत राहिले. आभार मानायला उठलेल्या कार्यवाहांनीही आभार बाजूला ठेवले आणि ज्यांच्या गावात असं मूल असेल त्यांनी टेबलापाशी थांबावं, असं जाहीर केलं. पहिला थांबला तो एक मुकादम. त्याच्या टोळीतल्या जोडप्याची एक मुलगी होती. वय त्याला नक्की माहीत नव्हतं, गाव मात्र त्याने लिहून दिलं.