आपली वाचा गेल्यावर निर्णय कोणाचा?



शेतीची वाटणी हयातीतच लिहून ठेवणारे आपल्यात पुष्कळ आहेत. परंतु स्वतःच्या औषधोपचाराचा निर्णय कोणी घ्यावा, हे लिहून ठेवणारे विरळाच. माझ्या थोरल्या बंधूंना वाशीमहून अकोल्यास नेले, तेव्हा ते बेशुद्ध होते. यंत्रावर ठेवावे की घरी आणावे, यावरून आम्हां भावंडांत जो वाद पेटला, तो त्यांच्या तेराव्यालाही शमला नाही. त्यांची स्वतःची इच्छा मात्र एकासही ठाऊक नव्हती!

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत अंथरुणास खिळून होत्या. त्यांच्याविषयी कोणी बोलावे, या प्रश्नावर २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. पुढे ९ मार्च २०१८ रोजी त्याच न्यायालयाने अशा पूर्वेच्छापत्रास मान्यता दिली आणि २०२३ साली त्याची रीत सुलभ केली. दोन साक्षीदारांसमक्ष सही करावी, नोटरीचे किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन घ्यावे, आणि आपल्या वतीने बोलणाऱ्या एक वा अधिक विश्वासू आप्तांची नावे त्यात नमूद करावीत. हे पत्र केव्हाही बदलता येते. रुग्ण निर्णयास असमर्थ झाला, आजार असाध्य ठरला आणि डॉक्टरांच्या दोन मंडळांनी संमती दिली, तरच ते अमलात येते. तेव्हा भयाचे कारण नाही.

आज घरी परतल्यावर मुलाबाळांना जवळ बसवून आपले मनोगत सांगा. नाव कोणाचेही लिहा, सुनेचे वा लेकीचेही; पण लिहा. आमच्या घरी जे घडले, ते आपल्या घरी न घडो, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.