श्रद्धेचे नाणे खणखणीत हवे



६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला आणि स्वराज्याची स्वतःची नाणी चलनात आली. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. भोवताली फारसी अक्षरांच्या नाण्यांचा व्यवहार चालू असताना या नाण्यांवर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ ही अक्षरे देवनागरीत उमटली. सार्वभौमत्वाची ती घोषणा बाजारहाटातून रयतेच्या हाती पोहोचली.

आपला परिसर त्या इतिहासाचा साक्षीदार आहे. इंदापुरात मालोजीराजांची गढी आहे. सुपे आणि इंदापूर हे शहाजीराजांच्या जहागिरीतील परगणे. बारामतीत बाबूजी नाईकांचा वाडा आहे. म्हणूनच जुन्या घरातील सामान लिलावास निघाले अथवा मोडीच्या दुकानात तांब्या-पितळेची रास पडली की, शिवराईच्या शोधात असलेल्यांचे पाय तिकडे वळतात. मात्र जेथे श्रद्धा असते, तेथे तिचा बाजार मांडणाराही येतोच.

खरे-खोटे कसे ओळखावे? खरी शिवराई ठशावर घाव घालून पाडलेली असते. ठशाच्या मानाने तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे कडेची अक्षरे बहुधा तुटलेली असतात. ठसे कोरणारे हात अनेक, म्हणून अक्षरांची वळणेही निरनिराळी. नकली नाणे पुष्कळदा साच्यात ओतलेले असते. त्यावर बारीक छिद्रे, बोथट अक्षरे आणि कडेला सांध्याची रेषा दिसते. दोन नाण्यांवर एकाच जागी तीच खोच आढळली, तर दोन्ही एकाच साच्यातली समजावीत. शिवराईचे वजन साधारणतः ११ ते १३ ग्रॅम भरते. होन तीन ग्रॅमहूनही हलका असतो. काही नकला ठशानेही पाडल्या जातात; तेव्हा जाणकाराला दाखवल्याविना पैसे मोजू नयेत.

रामपंचायतन किंवा मारुतीची प्रतिमा असलेले, ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८’ असे लिहिलेले नाणे तर सर्रास खपवले जाते. कंपनीने असे नाणे कधीच पाडले नाही. देवाच्या नावाने भाविकाचा खिसा कापण्याचा हा उद्योग आहे.

खरे नाणे हाती आले, तर ते चिंच लावून घासू नये. झीज होते आणि इतिहास पुसला जातो. नांगरताना, पाया खणताना जमिनीत धन सापडले आणि त्याचे मूल्य दहा रुपयांहून अधिक असले, तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. नाणे कोठे, कशासोबत सापडले, ही नोंद अभ्यासकाला नाण्याइतकीच मोलाची असते. सराफाच्या मुशीत गेलेली शिवराई पुन्हा बोलत नाही.

नकली नाणे देव्हाऱ्यात पुजले गेले, म्हणजे पुढच्या पिढीच्या हाती असत्याचा वारसा जातो. शिवछत्रपतींवरील आपली भक्ती डोळस असली, तर तो आपण थोपवू शकतो.