शेपूट आणि वळण

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, ही म्हण आपल्या भाषेत इतकी रुळलेली आहे की, तिच्याविषयी कोणी शंका घेत नाही. शेपटापुरते पाहिले तर ती खरीही आहे. शेपटाचा बाक उपजत असतो. नळीचा त्याच्यावर काही इलाज चालत नाही. परंतु ह्या म्हणीवरून कुत्र्याच्या सगळ्या वागण्याविषयी आपण जो निष्कर्ष काढतो, तो मात्र तपासून पाहण्याजोगा आहे. कुत्रा पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारतो, जोडे कुरतडतो, वेळी-अवेळी भुंकतो, सतरंजीवर घाण करतो; आणि आपण ‘जातच तशी’ असे म्हणून मोकळे होतो. ह्यात शेपूट किती आणि वळण किती, म्हणजे जन्माबरोबर आलेले किती आणि आपणच लावलेले किती, ह्याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

हा विचार करताना मी एक गाव डोळ्यांपुढे ठेवले आहे. बंगळूरच्या पूर्वेला, जुन्या मद्रास रस्त्यावर होसकोटे नावाचे गाव आहे. कन्नडमध्ये ‘होस’ म्हणजे नवे आणि ‘कोटे’ म्हणजे किल्ला. १६३८ साली बंगळूर विजापूरकरांच्या ताब्यात आले आणि त्यानंतर शहाजीराजांना तिकडे जी जहागीर मिळाली, तिच्यात बंगळूर, कोलार, दोड्डबळ्ळापूर आणि शिरे ह्यांच्याबरोबर होसकोटेही होते. तेव्हा मराठी माणसाला हे नाव अगदीच परके नव्हे. आज त्या गावाच्या अवतीभवती कारखाने, गोदामे आणि नव्या वसाहती उभ्या राहिल्या आहेत, आणि चेन्नईकडे जाणारा द्रुतगती मार्ग तेथूनच निघतो. पुण्याहून, सोलापूरहून, बेळगावहून नोकरीनिमित्त बंगळुरास गेलेली मराठी कुटुंबे अशाच उपनगरांत घरे घेतात. घर झाले की मुलांच्या हट्टापायी पिल्लू येते. गावच्या वाड्यातील कुत्रा दिवसभर मोकळा हिंडे. त्याला माणसे, गुरे, मांजरे, बाजार सारे ठाऊक असे. चौथ्या मजल्यावरील ह्या पिल्लाच्या वाट्याला मात्र एक सज्जा, बंद दार आणि सकाळी नऊ ते संध्याकाळी सात अशी एकटेपणाची शिक्षा येते. त्याच्या पुष्कळशा ‘खोड्यां’चे मूळ येथे आहे.

प्रथम शेपटाविषयी बोलू. जे उपजत आहे ते बदलता येत नाही. म्हणून ते आधीच ओळखून निवड करावी. मुधोळचा शिकारी कुत्रा हे आपल्या ओळखीचे उदाहरण आहे. बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ हे घोरपड्यांचे मराठी संस्थान. तेथील राजे मालोजीराव घोरपडे ह्यांनी ही जात जोपासली. महाराष्ट्रात तिला कारवान म्हणतात. २००५ साली भारतीय टपाल खात्याने तिच्यावर तिकीट काढले, आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये तिचा गौरव केला, तेव्हा शहरांतून तिला एकाएकी मागणी आली. हा कुत्रा नजरेने सावज हेरतो आणि वाऱ्यासारखा धावतो. उघड्या माळावर धावण्यासाठी घडलेला हा देह दोन खोल्यांत कोंडला, तर तो पडदे फाडील आणि रस्त्यावरच्या मांजरामागे साखळी तोडून पळेल. तो त्याचा दोष नव्हे. सायबेरियाच्या बर्फासाठी घडलेला दाट केसांचा हस्की होसकोट्याच्या एप्रिलमध्ये दिवसभर धापा टाकतो, तोही त्याचा दोष नव्हे. ह्याउलट आपला साधा गावठी कुत्रा ह्या हवेला सरावलेला असतो आणि बुद्धीने कोठेही उणा नसतो. कोलकात्याच्या आयसर संस्थेतील अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावरच्या, कसलेही शिक्षण न मिळालेल्या कुत्र्यांवर प्रयोग करून २०२० साली असे दाखवून दिले की, जवळ येण्यास धजावलेले बहुतेक कुत्रे अनोळखी माणसाने बोट दाखवलेल्या भांड्याकडेच जातात. आपला हात वाचण्याची विद्या त्यांना न शिकवताच येते.

आता नित्याची निगा. कर्नाटकात घरोघरी कुत्र्याला नाचणीचे गोळे घालतात, आपल्याकडे दूध-भाकरी किंवा दही-भात. हे पोटभरीचे अन्न वाईट नाही. पण तेवढ्यावर कुत्र्याचा देह पोसला जात नाही. त्याला अंडी, मांस, मासळी ह्यांतून मिळणारी प्रथिने हवीत. कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट ही त्याला विषासमान होत. शिजवलेल्या हाडांची धारदार शकले होतात आणि ती आतड्यात रुततात. तीही घालू नयेत. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर आपल्या हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला चटका सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. फिरणे सकाळी लवकर व संध्याकाळी उशिरा असावे. गोचिडांकडे विशेष लक्ष हवे. तपकिरी गोचीड भिंतींच्या फटींतही अंडी घालते आणि तिच्या चाव्यातून रक्ताचा ज्वर येतो. कुत्रा मलूल झाला, जेवेनासा झाला, नाकातून रक्त आले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता पशुवैद्याकडे न्यावे. पिल्लाच्या लसी सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सुरू होतात आणि सोळाव्या आठवड्यापर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी द्याव्या लागतात. रेबीजची लस तिसऱ्या महिन्याच्या सुमारास, आणि पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने नियमाने द्यावी.

निगेची ही बाजू बहुतेकांना पटते. वळणाची बाजू अवघड वाटते, कारण तेथे कुत्र्याआधी घराला शिस्त लावावी लागते.

पिल्लू घरात घाण करते. त्याच्या मूत्राशयाला धारण करण्याची शक्तीच तेव्हा आलेली नसते. झोपेतून उठल्यावर, जेवल्यावर, खेळून झाल्यावर त्याला न चुकता ठरलेल्या जागी न्यावे आणि तेथे ते मोकळे झाले की तत्काळ खाऊ द्यावा. तासाभरापूर्वीच्या घाणीत त्याचे नाक खुपसण्याची जी रानटी चाल आहे, तिने ते एवढेच शिकते की, माणूस घरी आला म्हणजे भ्यावे. दुधाचे दात पडून नवे येताना, म्हणजे साडेतीन ते सहा महिन्यांच्या सुमारास, ते दिसेल ते चावते. तेव्हा हात चावू लागताच खेळ थांबवावा, चघळण्याजोगी वस्तू पुढे करावी आणि जोडे कपाटात ठेवावेत. ह्यातला शेवटचा नियम माणसांसाठी आहे, हे ध्यानात आलेच असेल.

उड्या मारण्याचे उदाहरण तर फार बोलके आहे. दोन महिन्यांचे पिल्लू अंगावर चढले की आपण त्याला उचलून कुरवाळतो. दहा महिन्यांनी पंचवीस किलोचा तोच कुत्रा तेच करतो, तेव्हा आपण ओरडतो. त्याच्या दृष्टीने नियम बदललेलाच नाही; बदलली आहेत ती माणसे. उडी मारताच पाठ फिरवावी, चारही पाय जमिनीवर टेकताच कौतुक करावे, आणि हे घरातल्या प्रत्येकाने करावे. बाबा रागावतात आणि आजी पोळीचा तुकडा देते, अशा घरात कुत्रा आजीचाच नियम शिकतो. दाराची घंटा वाजताच होणाऱ्या भुंकण्याचेही तसेच. आपण मोठ्याने ओरडलो, तर त्याला वाटते की आपणही त्याच्याबरोबर भुंकत आहोत. त्यापेक्षा घंटा वाजली की आपल्या सतरंजीवर जाऊन बसावे आणि तेथे खाऊ मिळावा, हा पाठ रोज पाच मिनिटे गिरवावा.

एकटे ठेवल्यावर दार ओरबाडणारा, रडणारा कुत्रा सूड घेत नसतो. तो घाबरलेला असतो. त्याला आरंभी एक मिनिट, मग पाच, मग पंधरा, असे चढत्या क्रमाने एकटे राहण्यास शिकवावे. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने पलंगाखाली दडणाऱ्या कुत्र्याला जवळ घेतले तर भीती वाढते, हा समज चुकीचा आहे. भीती ही लाडाने पोसली जात नाही. खिडक्या बंद कराव्यात, पंखा किंवा रेडिओ लावून ठेवावा, त्याला जवळ बसू द्यावे; भीती तीव्र असेल तर दिवाळीच्या आधीच पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. आणि शांत कुत्रा एकाएकी चिडखोर झाला, तर शिकवणीचा विचार मागाहून करावा. आधी त्याचे कान, दात, सांधे तपासून घ्यावेत. वेदना हे चिडीचे एक मोठे कारण आहे.

येथे एका जुन्या भ्रमाचा उल्लेख करणे अवश्य आहे. कुत्रा आपल्यावर हुकमत गाजवू पाहतो, म्हणून त्याला आडवा पाडून, दटावून मालक कोण ते दाखवावे, असे पुष्कळांना वाटते. ह्या मताचा उगम १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल ह्यांनी बंदिवासातील लांडग्यांविषयी लिहिलेल्या निबंधात आहे. डेव्हिड मेक ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७० च्या आपल्या ग्रंथातून ते जगभर पोहोचवले. पुढे मोकळ्या रानात वर्षानुवर्षे लांडगे पाहिल्यावर १९९९ साली त्याच मेक ह्यांनी लिहिले की, रानातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिले असे एक कुटुंब असते. तेथे सिंहासनासाठी रोजची झुंज नसते. तुरुंगातील माणसांवरून सर्व मनुष्यजातीचा स्वभाव ठरवावा, तसे ते आधीचे अनुमान होते. मार खाल्लेला कुत्रा मालकाची सत्ता मानत नाही. तो फक्त मालकाचा हात ओळखू लागतो.

मारातून येणारा सर्वांत मोठा धोका गुरगुरण्याशी निगडित आहे. जेवताना कोणी जवळ आले की कुत्रा गुरगुरतो. हे त्याचे बोलणे आहे. मला भय वाटते, दूर राहा, असे तो सांगतो. त्याबद्दल त्याला मारले, तर भय तसेच राहते आणि सूचना तेवढी बंद होते. मग एके दिवशी तो ‘काही कारण नसताना’ चावतो, आणि चावा बहुधा लहान मुलाला बसतो, कारण ते त्याच्या तोंडाच्या उंचीवर असते. त्याच्या भांड्याजवळून जाताना आपण त्यात आणखी चांगला घास टाकावा. माणूस जवळ येणे म्हणजे काही तरी मिळणे, हा धडा त्याला पुरेसा होतो. मुलांनाही तितक्याच कसोशीने शिकवावे की, जेवणाऱ्या, झोपलेल्या किंवा बांधलेल्या कुत्र्याला हात लावावयाचा नाही.

चाव्याची गोष्ट निघाली म्हणून रेबीजविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी शेकडा नव्याण्णव प्रकरणे कुत्र्यामुळे होतात, आणि लक्षणे उमटल्यावर हा रोग जवळजवळ निश्चित प्राण घेतो. तितक्याच निश्चितपणे तो टाळताही येतो. जखम वाहत्या पाण्याने व साबणाने सलग पंधरा मिनिटे धुवावी. तिच्यावर तिखट, हळद किंवा चुना लावू नये. लगेच रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी, वैद्यांनी सांगितल्यास जखमेभोवती प्रतिद्रव्याचे इंजेक्शन घ्यावे आणि लसीचे सगळे डोस पुरे करावेत. कुत्रा घरचा आहे, ओरखडाच आहे, असे म्हणून थांबू नये. हे समाजाला साधते, ह्याचा दाखला आपल्या शेजारी गोव्यात आहे. कुत्र्यांचे घाऊक लसीकरण, शाळाशाळांतून शिक्षण आणि रोगावर सततची नजर ह्यांच्या बळावर २०२१ साली गोवा देशातील पहिले रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. त्याआधीची सलग तीन वर्षे तेथे माणसाला रेबीज झाल्याची एकही नोंद नव्हती.

श्रोतेहो, आपल्या परंपरेत दत्तात्रेयांच्या पायांशी चार कुत्री आहेत, खंडोबाच्या संगती कुत्रा आहे, पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आहेत, आणि कुत्र्याला सोडून स्वर्गात येणार नाही असे म्हणणारा युधिष्ठिर आहे. त्याच परंपरेत हालाच्या जगण्याला ‘कुत्र्याचे जिणे’ असेही नाव आहे. घरात आणलेल्या पिल्लाच्या वाट्याला ह्यातले काय येणार, हे त्याला आणण्यापूर्वी आपण ठरवावयाचे असते. दहा-बारा वर्षांचे हे नाते आहे. रोज दोन वेळा फिरणे, एकसारखे नियम, वेळेवर लस आणि थोडी सोबत, एवढे देता येणार नसेल, तर मुलाच्या हट्टाला प्रेमाने नाही म्हणावे. पुढे आडरस्त्यावर सोडून दिलेल्या कुत्र्यांत आणखी एकाची भर तरी पडणार नाही. देता येणार असेल, तर पिल्लू खुशाल आणावे. त्याचे शेपूट वाकडेच राहील. पण आपण दार उघडताच ते हलेल, आणि तेवढ्याने घर भरून जाईल.