सेकंड-हँड फिश टँकवरचे पांढरे डाग: घासू नका, भिजवा

आजचा विषय घरगुती आहे, पण आत शाळेतली केमिस्ट्री लपलीय. जुन्या फिश टँकवरचे क्षाराचे डाग.

पुण्यात हिंजवडी-वाकडकडे राहत असाल तर बघितलं असेल, कुणाची नोकरी बदलली की सोसायटीच्या ग्रुपवर दोन वस्तू हमखास विकायला येतात: गादी आणि फिश टँक. माझा दोन फुटी टँक असाच आला, नव्याच्या निम्म्या किमतीत. स्वस्त का? तर काचेवर वरच्या बाजूला पांढरा, खरखरीत पट्टा होता. बघणाऱ्याला वाटावं, हा कामातून गेला.

पण तो पट्टा म्हणजे मळ नाही, दगड आहे. अक्षरशः. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. शाळेत आपण ‘दुष्फेन पाणी’ म्हणून पाठ केलं होतं, तेच हे. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात आणि काचेवर कॅल्शियम कार्बोनेटचा थर बसतो. खडकातली चुनखडी आणि गीझरच्या कॉइलवरचं पांढरं कवच, दोन्हीत मुख्य पदार्थ हाच.

आता दगड साबणाने कसा निघेल? आणि फिश टँकला साबण, भांड्यांचं लिक्विड, डिटर्जंट लावायचंच नाही. काचेवर थोडा जरी राहिला तरी डिटर्जंट माशांच्या कल्ल्यांना इजा करतो. आपल्याला टँक चकचकीत दिसतो, आणि जीव माशांचा जातो.

या दगडावर उपाय म्हणजे सौम्य आम्ल. साधं पांढरं व्हिनेगर, किंवा वाण्याकडचं लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून. आम्ल लागलं की कार्बोनेट विरघळतं, कार्बन डायऑक्साइडचे बारीक बुडबुडे येतात.

टँक घ्यायला जाताना व्हिनेगरची छोटी बाटली सोबत न्या. काच कोरडी असतानाच बघा, कारण ओल्या काचेवर डाग दिसतच नाहीत. डागावर चार थेंब टाका, दहा मिनिटं गप्पा मारा. थर मऊ झाला, बोटाने निघायला लागला, तर तो क्षार आहे, बिनधास्त घ्या. काहीच फरक नाही पडला, तर बहुतेक काचच खरवडलेली किंवा धूसर झालेली आहे. ती व्हिनेगरने परत येणार नाही. मग किंमत त्या हिशोबाने बोला.

घरी आणल्यावर मुख्य अडचण वेगळीच. उभ्या काचेवरून व्हिनेगर ओघळून जातं, भिजायला वेळच मिळत नाही. म्हणून टँक पूर्ण रिकामा करा आणि दोघांनी धरून जाड टॉवेलवर आडवा ठेवा, डागाची काच खाली येईल असा. आता आतून जुनं सुती कापड पसरा, व्हिनेगरने चिंब करा आणि वर प्लॅस्टिक झाका, म्हणजे सुकणार नाही. तासभर हात लावू नका. मग जुन्या एटीएम कार्डाने खरवडा. थर जाड असेल तर पुन्हा भिजवा. जोर लावायचा नाही, वेळ द्यायचा.

काचेवर ब्लेड चालतं, पण ओल्या काचेवर, तिरकं धरून आणि कोपऱ्यातल्या सिलिकॉनपासून लांब. सिलिकॉन कापलं की टँक गळणार. टँक अॅक्रिलिकचा असेल तर ब्लेड आणि तारेची घासणी दोन्ही विसरा, ओरखडे पडतात.

आणि हे नीट ऐका: व्हिनेगर आणि ब्लीच कधीच एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. बाथरूमचं अॅसिडही या कामाला नको.

नंतर साध्या पाण्याने तीन-चार वेळा धुवा, वास पूर्ण जाईपर्यंत. मग सपाट जागी, खाली वर्तमानपत्र पसरून, टँक पाण्याने भरा आणि २४ तास ठेवा. कागद ओला झाला तर गळती आहे. ही परीक्षा हॉलमध्ये नको, बाल्कनीत किंवा बाथरूममध्ये घ्या. दोन बाय एक बाय एक फुटाच्या टँकमध्ये साधारण ५५ लिटर पाणी मावतं.

डाग पुन्हा येऊ नयेत म्हणून टँकवर झाकण ठेवा. वाफ होऊन कमी झालेलं पाणी आरओच्या शुद्ध पाण्याने भरा. आरओचं वाया जाणारं पाणी मात्र टँकमध्ये ओतू नका, त्यात क्षार आणखी जास्त असतात. आठवड्यातून एकदा पाण्याच्या रेषेवरून ओलं कापड फिरवलं की थर जमतच नाही.

शेवटचं. टँक चकचकीत झाला म्हणजे तयार झाला असं नाही. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, आणि तो पचवणारे जीवाणू फिल्टरमध्ये वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीनही आधी काढावं लागतं. त्यामुळे साफसफाई झाली त्याच संध्याकाळी मासे आणायला पळू नका. दगड काढायला एक दिवस पुरला, पाणी तयार व्हायला महिना द्या.

कुणाच्या गॅलरीत पांढरा पडलेला टँक धूळ खात असेल, तर हा भाग त्यांना पाठवा. भेटू पुढच्या वेळी!